भावाच्या आजारासाठी दौड भरवायची आहे: टी-शर्टच्या आधी काय ठरवावे

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. तुमच्या थोरल्या भावाला, वय ४३, गेल्या वर्षी एएलएस म्हणजे मोटर न्यूरॉन आजार (स्नायूंना चालवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होण्याचा आजार) असल्याचे निदान झाले. तुम्ही स्वतः नियमित धावता, आणि येत्या जानेवारीत वडोदऱ्यात दहा किलोमीटरची दौड भरवून दहा लाख रुपये जमवावेत व ते या आजारावरील संशोधनाला द्यावेत, असा तुमचा विचार आहे. मार्ग आधी आखावा, प्रायोजक आधी गाठावेत की टी-शर्टची ऑर्डर आधी द्यावी, हा तुमचा प्रश्न आहे. पैसे तूर्त तुमच्याच खात्याच्या क्यूआर कोडवर घ्यायचे ठरले आहे, हेही तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यातच आहे, म्हणून उत्तराला तिथूनच सुरुवात करते.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. सासऱ्यांना पार्किन्सन्स झाल्यावर, काहीतरी करायला हवे या तगमगीतून मी आणि माझ्या धावणाऱ्या मैत्रिणींनी पहिली दौड भरवली. करोनाची दोन वर्षे सोडली तर ती दरवर्षी झाली आहे, आणि आतापर्यंत अशा दहा दौडी माझ्या हातून झाल्या. पहिल्या दौडीत आम्ही सारी शक्ती मार्ग, मेडल आणि कमान यांत घातली. खर्च वजा जाता १,८६,००० रुपये उरले आणि ते आम्ही परगावच्या एका नावाजलेल्या संस्थेला मोठ्या आनंदाने धनादेशाने पाठवून दिले. वर्षभराने एका देणगीदाराने विचारले, की त्या पैशांतून कोणते संशोधन झाले? मी संस्थेला पत्र लिहिले. उत्तर अतिशय सभ्य होते: रक्कम सर्वसाधारण निधीत जमा झाली असून त्या वर्षी त्या निधीतून रुग्णांच्या प्रतीक्षाकक्षात नव्या खुर्च्या घेण्यात आल्या. कोणी एक पैसाही खाल्ला नव्हता, आणि खुर्च्याही रुग्णांच्याच उपयोगाच्या होत्या. परंतु आम्ही चारशे माणसांना ‘संशोधनासाठी धावा’ असे सांगितले होते, आणि रक्कम कोणत्या कामासाठी आहे हे त्या धनादेशासोबत लिहून द्यायचे मात्र आम्हालाच सुचले नव्हते.

तेव्हापासूनचा माझा क्रम ठरलेला आहे. पैसा कोणत्या संस्थेच्या, कोणत्या कामाच्या, कोणत्या खात्यात जाणार, हे कागदावर आल्याशिवाय दौडीची तारीखसुद्धा जाहीर करायची नाही. धावणे हा या सगळ्यातला सोपा भाग आहे आणि तो तुम्हाला येतोच.

पुढे जे लिहिते आहे त्यातले बरेचसे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहील. तुमच्या पाठीशी आधीपासून नोंदणीकृत संस्था आहे का, देणगीदारांत परदेशस्थ नातेवाईक किती आहेत, भावाची प्रकृती कशी आहे आणि मुख्य म्हणजे त्यांना स्वतःला हे हवे आहे का, यांची उत्तरे तुमच्या प्रश्नात नाहीत. ती जशी असतील तसा तपशील बदलेल. वर सांगितलेला क्रम मात्र कोणत्याही परिस्थितीत मी बदलणार नाही.

आता पैसा कोणाला द्यायचा याविषयी. ‘संशोधन’ हा शब्द फार मोठा आहे आणि दहा लाख रुपये त्या मानाने फार लहान आहेत, हे आधीच मान्य केले की विचार सरळ होतो. नवे औषध शोधायचे तर ही रक्कम कुठल्या कुठे विरून जाईल. पण एका माणसाच्या कामाच्या दृष्टीने पाहिले तर तिला वजन येते. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये आणि सीनिअर रिसर्च फेलोला ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे मोठ्या शहरातील एका कनिष्ठ संशोधकाचे एक वर्ष साधारण साडेपाच ते पावणेसहा लाख रुपयांत उभे राहते. ‘एएलएसवर मात करू या’ या घोषणेपेक्षा ‘एएलएसवर काम करणाऱ्या एका तरुण संशोधकाचे एक वर्ष वडोदऱ्याने उचलावे’ हे आवाहन मला अधिक खरे वाटते, आणि अनुभव असा की लोकांनाही ते चटकन कळते. आपल्या शहराला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीही तीन वर्षांच्या मुदतीने. एका माणसाला काही वर्षे निश्चिंतपणे काम करू द्यायचे, एवढाच तिचा हिशेब होता.

बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या राष्ट्रीय संस्थेत मोटर न्यूरॉन आजाराच्या रुग्णांवर आणि संशोधनावर वर्षानुवर्षे काम चालू आहे. अशा एखाद्या संस्थेच्या मज्जाशास्त्र विभागाला आणि त्याच वेळी तिच्या संशोधन किंवा लेखा कार्यालयाला तुम्ही पत्र लिहावे. केवळ डॉक्टरांना लिहू नका. डॉक्टर आनंदाने हो म्हणतात, परंतु पैसा स्वीकारण्याचे अधिकार त्यांच्याकडे नसतात. एका विशिष्ट प्रकल्पासाठी बांधील देणगी संस्था स्वीकारते का, स्वीकारत असल्यास कोणत्या खात्यावर आणि पावती कोणत्या कलमाखाली देते, प्रशासकीय खर्चापोटी त्यातून किती टक्के कापते, प्रकल्प मध्येच थांबला तर उरलेली रक्कम कुठे वळवली जाईल, वर्षाअखेर खर्चाचा एक पानी तपशील मिळेल का, आणि दौडीच्या फलकावर संस्थेचे नाव वापरायला तिची परवानगी आहे का, एवढे त्या पत्रात विचारावे. शेवटच्या मुद्द्यावर बहुधा ‘नाही’ असे उत्तर येते, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. मधल्या मुद्द्यांवर जी संस्था गोलमोल उत्तर देते तिच्याऐवजी दुसरी शोधावी, मग ती कितीही मोठी असो.

आता तुमच्या क्यूआर कोडविषयी. तो आजच बंद करा. तुमचा हेतू निर्मळ आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, परंतु कायद्याला हेतू दिसत नाही, खाते दिसते. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात मोबदल्याविना मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, की ती सगळीच रक्कम घेणाऱ्याचे करपात्र उत्पन्न धरली जाते. म्हणजे सहा लाख तुमच्या बचत खात्यात आले आणि तुम्ही ते जसेच्या तसे पुढे पाठवले, तरी ‘हे माझे उत्पन्न नव्हते’ हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. शिवाय तुमच्या खात्यावर पैसे देणाऱ्याला ८०-जीची, म्हणजे देणगीवरील प्राप्तिकराची, सवलत मिळत नाही. हे क्रमांक मी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले वापरते आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला असून त्यात कलमांची मांडणी बदलली आहे, तेव्हा पत्रकावर कोणताही क्रमांक छापण्यापूर्वी तो सीएंकडून तपासून घ्यावा.

मग नवा ट्रस्ट काढावा का? एका दौडीसाठी मी काढणार नाही. आपल्याकडे ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, प्राप्तिकराची नोंदणी वेगळी, त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे, असा हा कायमचा संसार असतो. आम्ही गेल्या आठ दौडींपासून जी रीत पाळतो ती सांगते. देणगी आमच्या हातून जातच नाही. देणगीदार थेट स्वीकारणाऱ्या संस्थेच्या खात्यावर पैसे भरतो, शेऱ्यात दौडीचा ठरलेला संकेतशब्द लिहितो आणि संस्थेला आपला पॅन कळवतो, जेणेकरून संस्था त्याचे नाव आपल्या वार्षिक विवरणात घेऊन त्याला १०-बीई हे देणगीचे प्रमाणपत्र देऊ शकेल. आम्ही फक्त बेरीज ठेवतो. यात ‘आमच्या संस्थेने इतके लाख दिले’ असा मोठा धनादेश हातात धरून छायाचित्र काढता येत नाही, हे खरे. त्याबदल्यात आमच्याकडे कोणी हिशेब मागू शकत नाही, कारण आमच्याकडे पैसाच नसतो.

देणगीदारांना दोन गोष्टी आधीच सांगाव्यात, नंतर रुसवे होतात. २,००० रुपयांवरील रोख देणगीला सवलत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना ८०-जीचा लाभच मिळत नाही. तसेच दौडीचे प्रवेशशुल्क ही देणगी नव्हे. धावणाऱ्याला त्याबदली टी-शर्ट, मेडल आणि नाश्ता मिळतो, म्हणून त्या रकमेवर ८०-जीची पावती मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा लागतो. माझ्या अनुभवात असे दरवर्षी निदान पाचजण तरी निघतात आणि त्यांतले दोन आपलेच आप्त असतात.

वडोदऱ्यातल्या घरांना हमखास भेडसावणारा प्रश्न परदेशस्थ नातेवाइकांचा. न्यू जर्सीतला मामेभाऊ पाचशे डॉलर पाठवतो म्हणतो, आणि आपण हरखून जातो. तो अजून भारतीय पारपत्रावर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणार असेल, तर अडचण नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी तो परदेशी स्रोत ठरतो, आणि ती रक्कम सर्वसाधारणपणे एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यावरच घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसरीकडे वळवताही येत नाही. म्हणून ‘इथे माझ्या नावावर पाठव, मी भरतो’ हा घरगुती उपाय करू नका. संस्थेला लिहिलेल्या त्याच पत्रात हाही प्रश्न विचारून ठेवा, म्हणजे मामेभावाला सरळ तिकडचे खाते देता येईल.

कंपन्यांच्या बाबतीत नवख्या आयोजकांची एक गफलत नेहमी होते. मकरपुऱ्यातल्या किंवा नंदेसरीतल्या एखाद्या कंपनीत जाऊन ‘तुमच्या सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक कामांसाठीच्या निधीतून) आमची दौड प्रायोजित करा’ असे ते म्हणतात, आणि तिथल्या अधिकाऱ्याने नकार दिला की माणूस कोरडा आहे असे समजून परततात. तो बिचारा नियमाने बोलत असतो. मॅरेथॉनसारखा एकदाच होणारा कार्यक्रम सीएसआर खर्चात बसत नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केले आहे, आणि आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व २०२१ च्या नियमांनी वगळले आहे. याउलट सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थांतील वैद्यकीय संशोधनाला दिलेली मदत कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसू शकते. तेव्हा एकाच कंपनीकडे दोन वेगळ्या दारांनी जावे: कमान, पाणी आणि टी-शर्ट यांसाठी विपणन विभागाकडे, आणि संशोधकाच्या वर्षासाठी सीएसआर समितीकडे, तेही पैसा थेट संस्थेला द्या असे सांगत. बोधचिन्ह छापण्याच्या बदल्यात मिळणारी रक्कम ही जाहिरातसेवेची किंमत असते, तिच्यावर जीएसटीचा प्रश्न येतो. तेवढ्यापुरते सीएंचे अर्ध्या तासाचे शुल्क द्या, फुकट सल्ला मागू नका.

आता बेरजेकडे वळू. प्रवेशशुल्कातून दौडीचा खर्च निघावा, देणगी उरू नये आणि तुटवडाही पडू नये, असे मी धरून चालते. पाचशे धावपटू आणि ४५० रुपये शुल्क धरले तर २,२५,००० रुपये होतात, आणि साधेपणाने केले तर एवढ्यात पाच किलोमीटरची दौड नीटनेटकी पार पडते. देणगीचा पैसा धावणाऱ्याच्या शुल्कातून येत नाही, त्याच्या ओळखींतून येतो. पाचशेंपैकी साठजणांनी प्रत्येकी दहा माणसांकडे शब्द टाकला आणि प्रत्येकाने सरासरी हजार रुपये दिले, तर सहा लाख होतात. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात उत्साहाने नाव नोंदवणाऱ्या साठांतले निम्मेच तोंड उघडतात, कारण आपल्या माणसांना पैसे मागण्याचा संकोच वाटतो आणि मराठी घरांत तो जरा अधिकच वाटतो. म्हणून पहिल्या वर्षी तीन लाख हे लक्ष्य ठेवा, म्हणजे संशोधकाचे सहा महिने. दहा लाख जाहीर करून तीन जमले तर लोक सात लाखांची तूट बघतात.

या बाबतीत टेरी फॉक्स या कॅनडाच्या तरुणाचे उदाहरण मला फार शिकवून गेले. कर्करोगाने एक पाय गमावल्यावर तो १२ एप्रिल १९८० रोजी देशाच्या पूर्व टोकाकडून कृत्रिम पायाने धावत निघाला, रोज जवळपास एका मॅरेथॉनएवढे अंतर कापत १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर गेला, आणि रोग फुप्फुसांत पसरल्याने १ सप्टेंबरला त्याला थांबावे लागले. त्याचे मागणे अगदी साधे होते: प्रत्येक कॅनडावासीयाने संशोधनासाठी एक डॉलर द्यावा. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे २.४ कोटींहून अधिक डॉलर जमलेही. त्याच्या नावाने १९८१ पासून होणाऱ्या दौडींत स्पर्धा नसते, विजेता नसतो आणि जाहिरातींचे फलकही नसतात. वेळ मोजायची नाही असे एकदा ठरवले की टायमिंग चिपचा खर्च वाचतो, बक्षिसांची भांडणे वाचतात, आणि सासूबाईंनाही बिब (छातीवरचा क्रमांक) लावून चालता येते. तुम्ही चांगले धावता म्हणून तुम्हाला हे मिळमिळीत वाटेल. तरी पहिल्या वर्षी असेच करा, असे माझे मत आहे.

तारीख जानेवारीची नको. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगोत्सवाच्या, आधीचे आणि नंतरचे आठवडे आपल्या शहरात धावण्याचे नाहीत. आमच्या पहिल्या दौडीच्या पहाटे, आदल्या दिवशीच्या पतंगाचा विजेच्या खांबाला अडकून लोंबणारा मांजा एका स्वयंसेवकाच्या गळ्याला घासला. तो स्कूटरवरून सावकाश जात होता म्हणून चार टाक्यांवर निभावले. फेब्रुवारीपासून बोर्डाच्या परीक्षा आणि लग्नसराई, एप्रिलपासून ऊन, पावसाळ्यात विश्वामित्री नदीचा भरवसा नाही, आणि नवरात्रात सारे शहर रात्रभर गरब्यात. उरतो डिसेंबर. त्यातही मला तिसरा रविवार आवडतो, कारण १६ डिसेंबरच्या सुमारास कमुरता (शुभकार्यांना वर्ज्य मानलेला काळ) बसतात, लग्ने थांबतात आणि मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, केटरर सगळे मोकळे असतात व दरही उतरतात. परदेशस्थ मंडळीही त्याच दिवसांत घरी आलेली असतात. यंदाचा डिसेंबर तुम्हाला झेपणार नसेल तर पुढच्या वर्षीचा धरा.

जागेविषयी माझा आग्रह बंद आवाराचा आहे: एखादे महाविद्यालय, शाळेचे मोठे मैदान किंवा अंतर्गत रस्ते असलेली वसाहत, जिथे अडीच किलोमीटरच्या दोन फेऱ्या घेता येतील. कमाटी बाग सर्वांना सुचते, पण रविवारी सकाळी तिथे चालणाऱ्यांची इतकी दाटी असते की पाचशे धावपटू म्हणजे त्यांच्यावर अन्यायच. सार्वजनिक रस्ता घेतला की पोलीस आयुक्तालय, वाहतूक शाखा आणि महापालिका यांच्या परवानग्या, वळवलेली वाहतूक, प्रत्येक चौकात स्वयंसेवक, असे सगळे ओघाने येते, आणि ते पहिल्या वर्षी नको. बंद आवारातही पोलिसांना लेखी कळवावे लागते आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी काढावी लागते. सकाळी सहाच्या आधी ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तेव्हा दौड सव्वासातला सोडा, अंधारात कोणी पाय मुरगाळून घेणार नाही.

दहा किलोमीटरऐवजी पाच, आणि त्याबरोबर दोन किलोमीटरची चाल, असे मी म्हणते त्याला माझ्या व्यवसायातले कारण आहे. तुमच्यासारख्या सरावलेल्या धावपटूची मला काळजी नाही. आजारी माणसावरच्या मायेने धावायला येणारे पन्नाशीचे काका, मेहुणे आणि कचेरीतले सहकारी यांची आहे. त्यांनी वीस वर्षांत बसमागे सुद्धा धाव घेतलेली नसते आणि त्या दिवशी ‘आपल्या राजूसाठी’ म्हणून ते थांबायला तयार नसतात. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनच्या सुमारे १.०९ कोटी धावपटूंचा जो अभ्यास झाला, त्यात ५९ जणांचे हृदय धावताना किंवा नुकतेच धावून झाल्यावर बंद पडले आणि त्यांतले ४२ दगावले. प्रमाण अत्यल्प आहे, आणि पूर्ण मॅरेथॉनपेक्षा अर्ध्यात ते आणखी कमी होते. परंतु जे वाचले त्यांच्या बाबतीत जवळच्या माणसाने लगेच छाती दाबायला सुरुवात केली होती, ही गोष्ट निर्णायक ठरली. म्हणून निदान वीस स्वयंसेवकांना सीपीआर, म्हणजे छाती दाबण्याचे हे तंत्र, शिकवून घ्या, हृदयाला विजेचा झटका देणारे एक एईडी यंत्र भाड्याने आणा, आणि १०८ वर विसंबून न राहता एक सुसज्ज रुग्णवाहिका अंतिम रेषेजवळ उभी ठेवा. १०८ ची गाडी त्या क्षणी दुसऱ्या कोणासाठी गेलेली असू शकते. अर्थसंकल्पात कात्री लावायची वेळ आली तर मेडल काढा, रुग्णवाहिका काढू नका. सेव-उसळही काढू नका, लोक पुढच्या वर्षी तिच्यासाठी परत येतात.

आता ज्या गोष्टीविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही ती. तुमच्या दादांना विचारले आहे का? निदान त्यांचे आहे, आणि त्यांचा चेहरा फलकावर लावायचा की नाही हे त्यांनीच ठरवायचे. एएलएसच्या सुमारे दहा टक्के रुग्णांत तो आनुवंशिक असतो, बाकीच्यांत घराण्यात दुसरे कोणी आजारी नसते. परंतु फलक वाचणारा हा भेद करत नाही. उद्या घरातल्या मुलामुलींच्या सोयरिकीच्या वेळी ‘त्यांच्याकडे काहीतरी आजार आहे म्हणे’ अशी कुजबुज होऊ शकते, आणि ती होईल म्हणून गप्प बसावे असे मी मुळीच म्हणत नाही. पण वहिनींना आणि मोठ्या मुलांना विचारल्याशिवाय ही जोखीम तुम्ही त्यांच्या वतीने उचलू नये. माझ्या सासऱ्यांनी पहिल्या वर्षी छायाचित्राला नकार दिला होता. तिसऱ्या वर्षी ते स्वतःच म्हणाले, की आता लावा, तरुणपणीचा लावा.

दादा त्या दिवशी उपस्थित राहतील यावर कार्यक्रमाची रचना टांगू नका. या आजाराचा वेग माणसागणिक वेगळा असतो आणि एका वर्षाने चित्र काय असेल हे त्यांचे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. अशा रुग्णांची सकाळची तयारीच तास-दीड तास खाते, थंडीत स्नायू अधिक आखडतात. त्यांना सव्वासातच्या झेंड्याला आणण्याऐवजी साडेआठला शेवटच्या चालणाऱ्यांच्या वेळी, गाडी थेट आत येईल अशा जागी, अर्धा तास आणावे. जमले तर जमले. त्यांना भाषण करायला सांगू नका, बोलणे हे या आजारात फार कष्टाचे होऊन बसते.

आणि संशोधनाचा पैसा व दादांच्या उपचाराचा पैसा एकमेकांत मिसळू नका. व्हीलचेअर, श्वासाला मदत करणारे बायपॅप यंत्र, रात्रीचा परिचारक हे सगळे महाग आहे, आणि कुटुंबाला मदत लागत असेल तर ती स्वतंत्रपणे, नातेवाईक आणि मित्रांकडे, याच कारणासाठी आहे असे सांगून मागावी. त्यात कमीपणा नाही. संशोधनासाठी म्हणून गोळा करून एक रुपया जरी इकडे वळवला तर ते न्याय्य असूनही चूक ठरेल.

लोकांना काय कबूल करायचे, याबद्दलही थोडे. २०१४ च्या उन्हाळ्यात डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची जी लाट आली होती ती तुम्हाला आठवत असेल. ती याच आजारासाठी होती. त्यातून अमेरिकेच्या एएलएस असोसिएशनकडे सुमारे ११.५ कोटी डॉलर आले. संस्थेने त्यांतले २२ लाख डॉलर एका औषधाच्या विकासात घातले, त्या औषधाला सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली, आणि पुढे मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग होत नसल्याचे दिसल्यावर एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतले. त्याच पैशाच्या आधाराने झालेल्या कामात या आजाराशी संबंधित एनईके-१ हे जनुक २०१६ मध्ये हाती लागले, ती भर मात्र टिकून आहे. मी ही गोष्ट दौडीच्या आधी स्वयंसेवकांना मुद्दाम सांगते, कारण नाहीतर दुसऱ्या वर्षी ‘मागच्या पैशांतून औषध निघाले का?’ हा प्रश्न येतो आणि ते बिचारे ओशाळतात. ‘तुमच्या पैशांतून एका संशोधकाने सहा महिने काम केले, त्याने अमुक इतके नमुने तपासले आणि हाती हे लागले किंवा काहीच लागले नाही’, एवढे वर्षाअखेर एका पानावर, मराठीत आणि गुजरातीत, प्रत्येक देणगीदाराला पाठवा. आमच्याकडे दुसऱ्यांदा देणारे बहुतेक जण या पानामुळेच दुसऱ्यांदा देतात.

तर या आठवड्यात करायचे ते एवढेच: दादांशी आणि वहिनींशी बोलणे, क्यूआर कोड बंद करून आतापर्यंत आलेले पैसे ज्याचे त्याला परत करणे, आणि संस्थेला पत्र टाकणे. अशा पत्राचे उत्तर यायला माझ्या अनुभवात सहा ते आठ आठवडे लागतात आणि मध्ये दोनदा फोन करावा लागतो. ते उत्तर हातात पडेपर्यंत टी-शर्टवाल्याला फक्त कापडाचा नमुना मागा, आगाऊ रक्कम देऊ नका.